हंडा डोक्यावर घेऊन भरलेली सभा

लग्न होऊन मी मुरबाड तालुक्यातल्या त्या गावात आले, तेव्हा मला नावाने कुणी हाक मारत नसे. 'शहापूरकरीण' म्हणत. त्यात कौतुक कमी आणि टोमणा जास्त. माझ्या माहेरी, शहापूरला, परसात रहाटाची विहीर होती. दोर सोडला, रहाट कुरकुरला, की पाणी हातात. सासरी गावाच्या खाली खोल ओहोळ होता. दिवाळीनंतर तो आटला की त्याच्या वाळूत खड्डा खणायचा आणि त्यात झिरपेल ते पाणी करवंटीने हंड्यात भरायचं. त्या खड्ड्याला डवरा म्हणत. तिथून वर यायची वाट म्हणजे नुसता खडक, एका पावलाला जेमतेम जागा. भरला हंडा डोक्यावर असलेली बाई त्या वाटेवर पायावरची नजर हलवत नसे. समोरून सख्खी बहीण आली तरी बोलायचं ते वर आल्यावर.

घरात आम्ही दोघी जावा. सासूबाई आधीच गेलेल्या. मोठ्या जाऊबाईंनी मला पहिल्या दिवशी चुंबळ वळायला शिकवली आणि म्हणाल्या, "रडू नको गो, मान दुखंल आठ दिस, मग नाय कळायचं." माझी जीभ पहिल्यापासून तिखट, आता म्हातारी झाले तरी तिला गोडी आलेली नाही. पण जाऊबाईंपुढे ती कधी चालली नाही, कारण ती बाई भांडतच नसे.

माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात जाऊबाई त्या वाटेवर पडल्या. सहावा महिना होता. हंडा गडगडत खाली गेला, मागोमाग त्या. आम्ही चार बायकांनी लुगड्याच्या झोळीत घालून त्यांना वर आणलं. मूल गेलं. अंगात उभं राहायचं बळ आलं तशी त्यांनी पोचे आलेला तोच हंडा उचलला आणि निघाल्या. मी दारात आडवी झाले. त्या एवढंच म्हणाल्या, "घराला पाणी नको का?" आणि गेल्या. मी माजघरात जाऊन ढसाढसा रडले आणि मग राग आला. कुणाचा, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. सगळ्या गावाचा आला.

पौषात, भात कांडताना, त्यांनी मला हळूच सांगितलं की पुन्हा दिवस आहेत. म्हणजे भर उन्हाळ्यात पोट पुढे येणार. मी मुसळ तिथेच टाकलं आणि म्हटलं, "या खेपेला तुम्ही त्या वाटेवर पाय ठेवायचा नाय." त्या हसल्या. मी हसले नाही.

तसा विहिरीचा विषय गावात नवा नव्हता. लढाईचे दिवस होते, रॉकेलसुद्धा मिळेना. तरीही तालुक्याच्या कचेरीतून निरोप आला होता: सुरुंगाची दारू आणि सुरुंगवाले आम्ही देतो, राबणूक गावाची. अट एकच, होळीच्या आत सगळ्या गावाने मिळून एक जागा दाखवायची. नाही दाखवली तर विहीर दुसऱ्या गावाला. झालं! पंचांच्या बैठकांवर बैठका सुरू झाल्या. वरच्या आळीला विहीर मारुतीच्या देवळामागे हवी, म्हणजे अगदी आमच्या परसाला लागून. खालच्या आळीला त्यांच्या आंब्याजवळ हवी. ओहोळाच्या अंगाला ठाकरवाडी होती, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पंच जमत, तंबाखू मळत, एकमेकांच्या बापाचा उद्धार करत आणि उठत.

माझे सासरे त्या पाच पंचांतले एक. एकदा बैठकीवरून आले, पागोटं खुंटीला अडकवलं आणि ओसरीवर बसून स्वतःशीच बोलू लागले. "डोहातल्या मासळीवरून कधी कुणाचं डोकं फुटलं का? नाय फुटलं. मग विहिरीवरूनच का फुटतंय?"

मासळीची रीत अशी. फाल्गुनात, कोसभर लांबच्या नदीतला डोह आटत आला की सगळं गाव मिळून मासे धरी. त्यांचे सारखे ढीग घालत. प्रत्येक चुलीमागे, म्हणजे घरटी, एक खूण द्यायची: कुणी चिंचोका, कुणी बांगडीचा तुकडा, कुणी कोंबडीचं पीस. मग कुणाची खूण कुठली हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस पाठमोरा बसवून त्याच्या हातून एकेका ढिगावर एकेक खूण ठेववत. ज्याची खूण लागली त्याचा तो वाटा. कुणी कुरकुर करत नसे.

सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी पंचांना सांगून टाकलं, "आपुन पाच जण उठू. चुलीगणिक खूण घ्या, नऊ खुणा काढा. ज्यांच्या निघतील त्या नऊ चुली बसून जागा ठरवतील." पंच इतके वैतागले होते की हो म्हणाले. ठाकरवाडीच्या खुणा घ्यायच्या का, यावर मात्र जुंपली. सासरे म्हणाले, "मासळीला त्यांची खूण चालते ना? मंग पाण्याला का नाय?" शेवटी ठाकरवाडीच्या खुणाही सुपात पडल्या.

जाऊबाईंनी आमच्या चुलीची खूण म्हणून चुंबळीचा एक पीळ तोडून दिला. म्हसा गावच्या जत्रेहून परतणारा एक कासार गावात बांगड्या भरायला आला होता. त्यालाच देवळासमोर पाठमोरा बसवला. तो म्हणे, "बायांच्या हातांखेरीज मी कशाला हात लावत नाय," आणि सगळ्या बायका खिदळल्या. त्याने सुपात हात घातला, एकेक खूण वर काढली. सातवी खूण आमचा पीळ. घरातले दोघे भाऊ, म्हणजे आम्हा जावांचे नवरे, गवत कापायच्या कामाला भिवंडीकडे गेलेले, सासरे पंचपदावरून नुकते उठलेले. मी पदर डोक्यावर घेतला आणि म्हटलं, "आमच्या चुलीकडून मी बसेन. पाणी मी भरते." एक-दोन म्हातारे खाकरले. सासरे माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसू दे."

आणि मग असा घोळ झाला की विचारू नका. सकाळी मी अंगण सारवत होते तर शेजारच्या काकी माझ्याशी बोलेनात. त्यांची खूण निघाली नव्हती. घरात बसून डोळे पुसत होत्या: "आमचा पाण्याचा वाटा गेला गो! आता तुमी घालाल तेवढं प्यायचं." खालच्या आळीचे दाढीवाले आजोबा, ज्यांची खूण निघाली होती, पहिल्याच बैठकीला खुंट्या आणि काथ्याचा दोर घेऊन हजर. विहिरीतला आपला वाटा आखायला! आयुष्यभर ज्याची खूण लागली त्याने ढीग उचलून घरी नेलेला. खुणेचा दुसरा अर्थ गावाला ठाऊकच नव्हता.

सासऱ्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, नऊ जणांची विहीर नाय रे ही!" पण ऐकतो कोण? ज्यांच्या खुणा निघाल्या ते फुशारकीत, ज्यांच्या नाही ते फुगून. कुणी म्हणालं, मोडा ही सभा. होळी जवळ येत होती. जाऊबाई रोज त्या वाटेने उतरत होत्या आणि मी रोज त्यांच्या पुढे चालत होते, पडल्याच तर माझ्यावर पडाव्यात म्हणून.

दुसऱ्या बैठकीला पुन्हा तेच. आजोबा आंब्याचे गुण गात होते, मी देवळामागच्या जागेचे. हो, मीही! मला आमच्या परसात विहीर हवी होती आणि ती मिळवल्याशिवाय मी उठणार नव्हते. ठाकरवाडीची एक बाई कडेवर पोर घेऊन कोपऱ्यात बसलेली. तिची खूण निघाली होती, पण तिने तोंड उघडलं नव्हतं. आजोबा म्हणाले, "आंब्यापासून वरची आळी ही काय, चार ढांगांवर!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "चार ढांगा?" मी म्हटलं, "आजोबा, तुमी कधी हंडा उचललाय? बसून काय बोलता? घ्या डोक्यावर! ज्याची खूण निघाली त्यानं, ज्याची नाय निघाली त्याच्या दारापर्यंत भरला हंडा न्यायचा. ज्या ज्या जागा बोलताय, त्या सगळ्यांपासून. मग बोला."

मग काकी, त्याच फुगलेल्या काकी, दारातून ओरडल्या, "शहापूरकरीण बरोबर बोलते! आमच्या दारात आणा, बघू!"

आणि खरोखर निघाली की सभा! डवऱ्याच्या पाण्याने हंडे भरले. पुरुषांना चुंबळ वळता येईना, ती बायकांनी वळून दिली. अख्खं गाव दुतर्फा उभं. आंब्यापासून वरच्या आळीला निघालेले आजोबा अर्ध्यात आले आणि हंडा दाढीवर, सदऱ्यावर, धोतरावर. "अगो बाय!" म्हणून बायकांनी पदर तोंडात कोंबले. आजोबा भिजल्या अंगाने वाटेतच बसले, दम घेतला आणि म्हणाले, "लांब हाय. ऱ्हायला आंबा."

मग माझी पाळी. मी देवळामागून हंडा उचलला. ऐटीत. ठाकरवाडीच्या दारापर्यंत न्यायचा होता आणि ती कोपऱ्यातली बाई वाट दाखवायला माझ्या पुढे. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी मी कधी त्या बाजूने गेले नव्हते. देवळामागून वाडीकडे जायचं तर मध्ये उतार. खडक, एका पावलाला जेमतेम जागा. मी दोन पावलं टाकली आणि माझी नजर आपोआप पायावर गेली. ती वाट मला डवऱ्याच्या वाटेसारखीच वाटली. तसाच खडक, तसाच घसरडा कोपरा. मी थांबले. हंड्याच्या वजनाने नव्हे. माझ्या डोळ्यांपुढे जाऊबाई गडगडत होत्या.

"थांबू नको गो," ती बाई पहिल्यांदाच बोलली. "हितं थांबलं का पडतं. मी दोनदा पडले."

मी हंडा तिच्या दारात उतरवला आणि तिथेच बसले. तिने मला पाणी दिलं. तेच, मी आणलेलं. मला तिच्याकडे बघवेना. माझ्या जाऊबाईंचा उतार मी उचलून हिच्या दारात आणून ठेवणार होते आणि तेही मोठ्या तोऱ्यात.

मी विचारलं, "तुमाला कुठं हवी?" ती म्हणाली, "आमचं कोण ऐकतं? पन त्या उंबराखाली सपाट हाय." उंबर वरच्या आळीपासून, खालच्या आळीपासून आणि वाडीपासूनही दूर, शेतांच्या माळावर. कुणाच्याच दारात नाही. आम्ही उंबरापासून हंडे उचलले आणि तिन्हीकडे नेले. वाट वळशाची, लांब होती, घाम निघाला, पण पाणी सांडलं नाही. आजोबांचंसुद्धा नाही. संध्याकाळी नऊच्या नऊ जण उंबर म्हणाले. मी सर्वांत शेवटी म्हणाले, कारण घरी जाऊन जाऊबाईंना हे सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं.

त्या चुलीपुढे बसल्या होत्या. मी म्हटलं, "परसात नाय झाली. उंबराखाली ठरली. लांब हाय." मी पदराने डोळे पुसले. परसातच विहीर आणीन असा मी त्यांना शब्द दिला होता आणि ती घरापासून लांब ठेवून आले होते. त्यांनी लाकूड आत सारलं. "चढ हाय का वाटंला?" "नाय." "उतार?" "नाय." "मग रडतेस कशाला, येडी?" त्या म्हणाल्या. "जेव आधी."

होळीच्या आत जागा दाखवली. सुरुंगवाले आले. गाव राबलं, ज्यांच्या खुणा निघाल्या नव्हत्या त्यांनीही कुदळी उचलल्या. काकी तर सगळ्यांच्या पुढे. दगडच दगड लागत होता आणि दिवस तापत होते. पोट पुढे आलं तशी जाऊबाईंना मी डवऱ्याकडे जाऊ दिलं नाही. दोघींचं पाणी मी ओढलं. रोज सकाळी दारात आमचं भांडण व्हायचं आणि ते मीच जिंकायचे. वाडीतली ती बाई पुष्कळदा माझा एक हंडा वर आणून देई. वैशाखात एका दुपारी उंबराकडून आरोळी आली. पाणी लागलं होतं. गढूळ, तांबूस, पण लागलं होतं.

ज्येष्ठात जाऊबाई बाळंत झाल्या. मुलगी. सुईणीने दारातून हाक दिली, "पोरीला न्हाऊ घालायला पाणी आणा गो!" घरात होतं, पण मी ते घेतलं नाही. हंडा उचलला आणि उंबराकडे धावले. तोच पोचे आलेला हंडा. भरला, डोक्यावर घेतला. बांधावर वाडीतली बाई भेटली, तिने विचारलं, काय झालं. मी चालता चालताच तिच्याकडे वळून सांगितलं. आंब्याजवळ आजोबा होते, त्यांनाही मान वळवून ओरडून सांगितलं. दारात पोचले तेव्हा माझ्या लक्षात आलं, उंबरापासून घरापर्यंत मी एकदाही पायाकडे पाहिलं नव्हतं.