काचेची बोडी

खुशाल पचाऱ्यांकडे चहाला जाताना मी हल्ली घरून कप नेत नाही. मधले चार महिने नेत होतो. ज्या घरात ओट्यावरच्या एकाच मापाने सकाळी साखर आणि दुपारी सडलेल्या झिंग्याचं पाणी मोजलं गेलं, तिथे माणसाने आपली सोय आपण पाहावी.

माणूस मात्र सोन्यासारखा. चंद्रपुरात तुकूमला आमच्या दोन घरांमध्ये एक कमरेएवढी भिंत आहे, आणि तिच्यावरून अठरा वर्षं वाट्या, वर्तमानपत्रं आणि तक्रारी जात-येत आल्या आहेत. खुशालची नोकरी वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची. बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात पाण्याशिवाय दुसरं काही असता कामा नये, हे पाहण्यात त्याचं आयुष्य गेलं. त्याला घाण सहन होत नाही. लग्नाच्या पंगतीत तो ग्लास उजेडाकडे धरून पाहतो आणि न पिता खाली ठेवतो. शेजारी बसलेल्याचा घास तिथेच अडकतो.

याचं मूळ सिंदेवाहीकडच्या त्याच्या गावात आहे. घर ढीवराचं. वडील डोमाजी गावतलावात जाळं टाकणारे. आठ वर्षांचा खुशाल त्या हिरव्या, म्हशींनी घुसळलेल्या पाण्यातून बाहेर आला तेव्हा त्याच्या कानामागे जळू होती. डोमाजींनी शांतपणे चिमूटभर मीठ चोळलं. जळू गळून पडली. रक्तही थांबलं असेल, पण पोराच्या मनात जे बसलं ते बसलंच. गोडं पाणी म्हणजे घाण, आणि मीठ म्हणजे सुटका. पुढे कधीतरी सहकुटुंब अंदमानला गेल्यावर त्याने काचेच्या तळाच्या होडीतून समुद्र पाहिला. तळाशी प्रवाळ, वर मासे आणि मध्ये नुसता प्रकाश! त्याचे डोळे भरून आले. शेजारी रंभावहिनी त्याच वेळी होडीच्या काठावरून ओकत होत्या. त्यांच्या संसाराचा पुढचा सगळा नकाशा त्या एका क्षणात होता.

रंभावहिनींना माशाच्या वासाची शिसारी आहे. लहानपणी त्या आईबरोबर आठवडी बाजारात मासोळ्या विकायला बसत. सोमवारी शाळेत गेल्या की बाकावरच्या पोरी नाकाला ओढणी लावत. बेसन, लिंबू, राख, सगळं हाताला चोळून झालं, पण वास गेला नाही. म्हणून सासर ढीवराचं असलं तरी नवरा जाळं न धरणारा मिळाला, याचं त्यांना फार समाधान होतं. तीस वर्षांत त्यांच्या स्वयंपाकघरात मासा शिरला नव्हता.

अशा बाईच्या बैठकीत खुशालने आधी एक छोटी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली. तिच्यात केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आणि प्रवाळाचे बोटभर तुकडे होते. समुद्रातलं प्रवाळ तोडणं गुन्हा आहे. हे नागपूरच्या एका छंदिष्टाने टाकीतच वाढवलेले, असं तो न विचारता सांगे. तीन वर्षं ते निभावलं. मग गेल्या उन्हाळ्यात त्याला मोठी टाकी सुचली. चार फूट लांब, दोन फूट रुंद, चारशे लिटरची.

रंभावहिनींनी मला भिंतीवरून हाक मारून साक्षीला बसवलं.

"सर, तुमच्यासमोर सांगून राह्यली. ज्या दिवशी माह्या घरात मासोळीचा वास आला, त्या दिवशी ही टाकी आंगणात. ऊन लागो का पाणी लागो. मग मले कोणी काही म्हनाचं नाई."

"समुद्राच्या पाण्याले वास नसते, रंभा," खुशाल म्हणाला.

"मले नाक आहे. तुमचे तपासणीचे कागद नोका दाखवू."

चंद्रपूरच्या आंगणात, मे महिन्यात, प्रवाळ. म्हणजे फाशीच. खुशालने मान्य केलं. दुसरा इलाजच नव्हता.

लोखंडी स्टँड करायला पवन वेल्डर आला. त्याने आयुष्यभर कूलरचे स्टँड केलेले.

"वजन किती राहीन, भाऊ?"

"अर्धा टन धर."

"अर्धा टन मासोळ्या?"

"पाणी बे. दगड, काच."

"अन मासोळ्या?"

"दोन."

पवनने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मग एकेक किळसवाणी वस्तू घरात येऊ लागली. टाकीखालच्या कपाटात आणखी एक छोटी टाकी बसली, वरचं पाणी तिच्यातून फिरत राही; तिच्यात पाण्यातली घाण फेसाबरोबर वर काढणारं एक नळकांडं उभं राहिलं. त्याच्या डोक्यावरच्या कपात रोज काळपट, गटारासारखं काहीतरी साठे, आणि खुशाल तो कप पोराची मार्कशीट दाखवावी तसा माझ्या नाकाखाली आणे. "पाहा सर, काय घाण निघाली!" घाणीचा तिटकारा असलेला माणूस घाण निघाली की इतका आनंदी होतो, हे मला तेव्हा कळलं. एकदा कुठल्याशा दगडातून गुलाबी, केसाळ, बोटभर किडा बाहेर आला. मी सोफ्यावर पाय वर घेतले. "हा कामाचा आहे," खुशाल म्हणाला. त्या दिवशी मी बिस्किट परत ठेवलं.

पाणी थंड ठेवणारं यंत्रही आलं. ते पाण्याची उष्णता ओढून बैठकीत सोडे. बाहेर पारा शेहेचाळीसवर, टाकीत सव्वीस, आणि माणसं मधल्या भट्टीत. "मासोळ्यायले महाबळेश्वर अन आमाले भाजून राह्यले," रंभावहिनी म्हणत, पण म्हणून थांबत. अट वासाची होती, उकाड्याची नव्हती. बाई बोललेल्या शब्दाच्या पक्क्या.

खरा प्रसंग झिंग्याचा. नव्या टाकीत मासे सोडण्याआधी घाण पचवणारे जंतू पोसावे लागतात, आणि त्यांना पोसायला थोडी घाण लागते. खुशालने मुहूर्त साधला. रंभावहिनी बहिणीच्या नातवाच्या बारशाला आठवडाभर गडचिरोलीला गेल्या, त्याच दिवशी त्याने एक टपोरा झिंगा फडक्याच्या पोटलीत बांधून टाकीत लटकवला आणि सडू दिला. चौथ्या दिवशी मी त्या घरात गेलो आणि दारातूनच परत आलो. पुढचे दोन दिवस मला वरणाला तोच वास येत होता.

हे सगळं खुर्चीवर बसून एक माणूस बघत होता. डोमाजी. वय अठ्ठ्याहत्तर, खांद्यावर मळका दुपट्टा, नजर अजून घारीची. गावतलावाचं सारं शिक्षण त्यांच्या अंगात. पण घरात त्यांना कोणी काही विचारत नसे. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं; टाकीला ते 'काचेची बोडी' म्हणत, आणि म्हणताना तोंड असं करत की जणू दातात खडा आला.

"एवढा चांगला झिंगा! खाल्ला असता तं एका मान्साचं जेवन झालं असतं."

"बाबा, तो सडवाचाच असते."

"सडवाले झिंगा? हात्!"

रंभावहिनी परतल्या तोवर पोटली काढून टाकली होती आणि वासही गेला होता. महिनाभरात पाणी हवेसारखं नितळ झालं. खुशालने छोट्या टाकीतले दोन मासे आणि प्रवाळ मोठीत हलवले. प्रवाळ फुललं, जांभळं, पोपटी. मलाही कबूल करावं लागलं की दिसायला छान आहे. तळाशी काय काय वळवळत असेल याचा विचार केला नाही, तर.

फक्त डोमाजींचा तिटकारा वाढत गेला. त्यांच्या जन्मभराच्या अनुभवात नितळ पाणी म्हणजे उपाशी पाणी. बोडीत मासोळी पोसायची तर काठाला शेणाच्या पोटल्या टांगायच्या, कोंडा टाकायचा. आठ दिवसांत पाणी हिरवं होतं आणि मासोळी बाळसं धरते. इथे पोरगा दिवसातून चिमूटभर काहीतरी भुरभुरतो, आणि मासे अंगठ्याएवढेच.

श्रावणातल्या एका सोमवारी ते भिंतीपाशी आले.

"मास्तर, तुमच्या गाईचं शेन देता का थोडंसं? ताजं."

"काय करता, बाबा?"

"सारवाले पाहिजे."

पचाऱ्यांच्या घरात उंबऱ्यापासून मोरीपर्यंत फरशी आहे, हे मला त्या क्षणी आठवायला हवं होतं. मी टोपलंभर दिलं. वर गाईचं कौतुकही केलं.

मंगळवारी सकाळी रंभावहिनी बैठकीत उभ्या राहून नाक फुगवू लागल्या.

"वास येऊन राह्यला."

खुशाल पांढरा पडला. पण तोही प्रयोगशाळेचा माणूस. त्याने दीर्घ श्वास घेतला. "हा मासोळीचा नाई. शेनाचा आहे. सरांची गाय आहे ना."

म्हणजे माझी गाय, जिला मी रोज धुतो! मी भिंतीवरून निषेध केला. रंभावहिनींनी दोन दिवस माझ्याकडची खिडकी लावून घेतली. वास खिडकीच्या आतच होता.

गुरुवारी सकाळी खुशालची हाक आली ती हाक नव्हती, किंकाळी होती. मी भिंत ओलांडून गेलो. टाकीखालच्या कपाटाच्या फटीतून उतू गेलेल्या दुधासारखा फेस येत होता, पण हिरवट तपकिरी, आणि तो फरशीवरून संथपणे सोफ्याकडे निघाला होता. टाकीचं पाणी काढ्यासारखं. प्रवाळ मिटून शेंबडासारखं लोंबत होतं. दोन्ही मासे वर तोंड काढून आ-आ करत होते. तेवढ्यात लाइट गेली. घरघर थांबली, आणि नुसता वास उरला.

"सर, तुमी साक्षीदार," रंभावहिनी पदर नाकाला लावून म्हणाल्या. "वास घ्या अन सांगा."

मी घेतला. आयुष्यात इतक्या नाराजीने मी काही घेतलं नसेल. त्यांनी माझं तोंड पाहिलं, उत्तराची वाट न पाहता कपाट उघडलं, बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात आतल्या टाकीत घातला. बाहेर काढला तेव्हा हातात ठिबकणारी पोटली होती. दुपट्ट्याच्या फडक्याची. तो दुपट्टा घरात सगळ्यांना ओळखीचा.

"बाबा!" खुशाल खालीच बसला.

डोमाजींना लाज नव्हती, उलट आश्चर्य वाटत होतं. "तूच तं पोटली टांगली होती ना! मले वाटलं, शिकला लेक, आपली रीत इसरला नाई. पन एका झिंग्यानं काय होते? म्हनून शेन-कोंडा बांधला."

"ते... ते वेगळं होतं, बाबा!"

"वेगळं कायचं? तुह्या पोटलीत सडका झिंगा, माह्या पोटलीत शेन. माही पोटली चांगली."

खुशाल उठून पाण्याच्या ड्रमकडे धावला. ते शेण कोणाचं हे बाहेर येऊ नये म्हणून मी चष्मा पुसत राहिलो.

ड्रममध्ये चाळीस लिटर तयार खारं पाणी नेहमी भरलेलं असे. खुशालने ते दोन टबांत ओतलं, प्रवाळ हलवलं आणि जाळी घेऊन माशांच्या मागे लागला. गढूळ पाण्यात मासे दिसेनात. जाळी दगडाला अडके. पाच मिनिटं झाली, दहा झाली. डोमाजी तोंड फिरवून बसले. ढीवराच्या पोराचं ते जाळं त्यांना पाहवेना.

"सरका," रंभावहिनी म्हणाल्या.

पदर खोचून त्यांनी दोन्ही हात त्या शेणपाण्यात घातले. एक तळवा खालून, एक बाजूने. वर आले तेव्हा ओंजळीत एक मासा. पुन्हा घातले, दुसरा आला. तीस वर्षं हात मासोळीला लागला नव्हता, पण हात काही विसरला नव्हता. त्यांचं तोंड मात्र कडू औषध प्यायल्यासारखं.

टबात मासे तसेच आ-आ करत राहिले. लाइट नाही, हवेचा पंप नाही.

"हवा संपली पान्यातली," डोमाजी उठून म्हणाले. "ढगाळ सकाळी बोडीतही असंच होते. झोडपा लागते." त्यांनी स्टूल ओढलं, टबाशी बसले आणि उघड्या पंजाने पाणी झोडपायला लागले. फट, फट, फट. खारं पाणी भिंतीवर, कॅलेंडरवर, माझ्या चष्म्यावर. खुशाल थांबवायला पुढे आला, माशांकडे पाहिलं आणि फडकं आणून फरशी पुसायला लागला. मासे खाली जाऊ लागले होते. लाइट यायला सव्वा दोन तास लागले. तेवढा वेळ म्हातारा हात बदलत झोडपत होता, आणि दर थोड्या वेळाने, "कायच्या मासोळ्या ह्या! ना खाता येत, ना इकता येत," असं म्हणत होता.

मासे जगले. प्रवाळातलं निम्मं गेलं, निम्मं आठवडाभराने उघडलं. टाकी रिकामी करून तीनदा धुतली गेली. ते पाणी कुठे ओतलं हे मी विचारलं नाही.

निकाल बाकी होता. रंभावहिनींनी त्या सकाळी हात बेसन-लिंबाने धुतले होते, आईसारखे. मग तळवा नाकाशी नेला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. खुशाल दारात उभा होता, जणू परीक्षेच्या निकालाला आलेला.

"मासोळीचा वास नाई," त्या शेवटी म्हणाल्या. जरा नाराजीनेच. "शेनाचा आहे. झिंग्याचा माह्या नाकानं घेतला नाई, म्हनून तो धरत नाई. ज्याचा वास, त्यानं आंगनात जावं. मामाजीची बोडी आंगनात करा. काचेच्या बोडीजवळ त्यायचा हात दिसला तं दोघंही आंगनात."

त्याप्रमाणे आंगणात सिमेंटचा हौद झाला. तो आमच्या भिंतीला लागून, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली झाला, कारण दुसरीकडे जागा नव्हती आणि मी शेण दिल्याचं तोवर उघड झालं होतं. गावाहून पाणी भरलेल्या पितळी गुंडीतून रोहूची पिल्लं आली. डोमाजींनी कोपऱ्यात पोटली टांगली. पाणी आठ दिवसांत हिरवंगार, वर साय, सायीवर माश्या. बैठकीत खुशाल नितळ पाण्यासमोर बसतो, आंगणात बाप हिरव्या पाण्यासमोर, आणि दोघं दारातून एकमेकांच्या पाण्याकडे पाहून नाक मुरडतात. बाप-लेकांत एवढं बोलणं पूर्वी नव्हतं.

खिडकी मी आता उघडत नाही. शेण मात्र रोज पुरवतो.

होळीच्या आदल्या दिवशी डोमाजींनी आंगणातच तीन विटांवर तवा ठेवला आणि भिंतीवरून केळीच्या पानावर तळलेल्या रोहूचे चार तुकडे आले. लालसर, कडेला कुरकुरीत.

"खा, मास्तर. तुमच्याच गाईचं आहे."

असं सांगितल्यावर कोणाला घास जाईल? मी पान बराच वेळ हातात धरून उभा राहिलो. शेवटी डोळे मिटले आणि तीन खाल्ले. चौथा बायकोने आधीच उचलला होता.