आबांच्या पांढऱ्या पेशी

साखर कारखान्याच्या मळीच्या वासात वाढलेल्या आमच्या सणसर गावच्या नाकांना सहसा कशाचं वावडं नसतं. पण नव्वदनंतरच्या एका गळीत हंगामात माझ्या थोरल्या चुलत्यांच्या, म्हणजे आबांच्या पायाला जो वास सुटला, त्यानं गोठ्यातली म्हैस दूध चोरायला लागली.

तुटलेल्या उसाचा बुडखा त्यांच्या बोटात घुसला होता. आबांनी त्यावर शेण, चुलीतली राख आणि तंबाखू असा गिलावा केला. आठवड्यात बोट वांग्याएवढं आणि वांग्याच्याच रंगाचं झालं. ताप चढल्यावर मी त्यांना बळंच बारामतीला नेलं. डॉक्टरांनी पू पुसला, रक्त तपासायला धाडलं आणि बजावलं, "रिपोर्ट घेऊन तडक माझ्याकडं या. उशीर केलात तर बोट राहायचं नाही."

रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी अठरा हजार, आणि शेजारी छापलेलं, चार ते अकरा हजार.

"ह्ये चार ते अकरा काय हाय?" आबांनी लॅबवाल्याला विचारलं.

"निरोगी माणसाचं एवढं असतं, आबा."

झालं! एकरी टनावर माणसाची लायकी ठरवणारा गडी तो. निरोगी माणसाची मजल अकरावर संपते आणि आपण अठरा, हे कळल्यावर त्यांची छाती एवढी फुगली की सदऱ्याचं बटण तुटून समोरच्या रिक्षाच्या काचेवर आपटलं. डॉक्टरांकडं वळायचं सोडून त्यांनी एसटी धरली. मी आडवा आलो, तर म्हणाले, "आता डाक्टर कशाला? रक्तानंच सांगितलं की."

संध्याकाळी दूध डेअरीसमोर रिपोर्ट हातोहात फिरला.

"आबा, खत कंचं घालताय?" एकानं विचारलं.

"रक्ती. बोकडाची," आबा म्हणाले. "रक्तानं रक्त वाढतं."

दुसऱ्या दिवसापासून गावात बोकड औषधाला उरला नाही. बारामतीच्या गाड्या दंड पुढं करून बसलेल्या माणसांनी भरून जाऊ लागल्या. ज्यांचं सात हजार भरलं ते तोंड लपवत आडवाटेनं घरी आले, आणि एका नवरदेवाच्या सासऱ्यानं म्हणे नऊच्या खालचा जावई नको म्हणून निरोप धाडला.

आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ रक्ती. तव्यावर काळ्या, थुलथुलीत गुठळ्या, वर कांदा, आणि शेजारी पाटावर ठेवलेला तो पाय. माश्यांना ताट कुठलं आणि पाय कुठला हे कळत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं. आबा तापानं फणफणलेले, पण घास मोठे घेत.

शेवटी चुलतीनं फडकं सोडलं. आत अळ्या वळवळत होत्या. तिनं फडकं तसंच आबांच्या नाकापुढं धरलं. "ह्ये बी मोजून आणा बारामतीत. धा-ईस हजार सहज भरतील." आणि त्यांच्या दंडाला धरून तिनं त्यांना गाडीत घातलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि कपाळावर हात मारला. "आबा, गावात एकदम पोलीस वाढले, तर गाव सुधारलं म्हणाल का?"

"न्हाय. दंगल झाली आसंल."

"मग? या पेशी म्हणजे ते पोलीस. पायात दंगल चाललीय, आणि तुम्ही पोलिसांचे सत्कार करत बसलात."

बोट गेलं. ते कापलं तेव्हा मी बाहेर बाकावर होतो, तरी घरून आणलेल्या डब्यातल्या रक्तीचा वास नाकात शिरला आणि मी डबा तिथल्याच कुत्र्यापुढं ओतला. कुत्र्यानं हुंगलं आणि ते निघून गेलं.

पाय भरत आल्यावर पुन्हा रक्त तपासलं. नऊ हजार. डॉक्टर हसले, म्हणाले, "आता झकास." आबांनी कागदाची घडी करून बंडीच्या आतल्या खिशात कोंबली.

डेअरीवर लोकांनी घेरलं. "आबा, आता किती भरलं?"

"नऊ," आबा खाली बघत म्हणाले. "निम्मं डाक्टरानं काढून घेतलं."

सगळे हळहळले. पायाकडं एकानंही बघितलं नाही. मी आणलेल्या दुधाच्या किटलीचं झाकण लावलं आणि दूध न घालताच घरी आलो.