बबनच्या ड्रमचा दोष नव्हता

राहू गावाहून बबनच्या मुलाचा, सुधीरचा फोन आला तेव्हा मी केंदूरला ओट्यावर ऊन खात बसलो होतो. "काका, पप्पा गेले... झोपेतच," एवढंच तो बोलला. कोरेगाव भीमाजवळच्या एका कंपनीत बबन फिटर होता आणि मी स्टोअर सांभाळायचो. कितीतरी वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यातलं जेवलो. त्याला जाऊन आता महिना होत आला. त्याच्याबद्दल चांगलं सांगणारे पुष्कळ आहेत. मला मात्र एक गोष्ट दुरुस्त करायची आहे, कारण ती इतकी वर्षं मीच चुकीची राहू दिली.

नव्वद सालानंतरची गोष्ट. कंपनीत आलेल्या एका परदेशी इंजिनिअरनं बबनला मासिकातला एक फोटो दाखवला. बर्फाच्या अंगणात एक पेटी उभी. तिच्यात लाकडाच्या भुशाच्या कांड्या थोड्या थोड्या करून जळतात आणि धुरावर मांस सावकाश शिजतं. बबननं ते मनावरच घेतलं. भंगारातला तेलाचा ड्रम, जीपच्या वायपरची मोटर, कांड्या पुढं ढकलणारा स्क्रू, छोटा पंखा, बॅटरी... सगळ्या सुट्ट्या त्यात घालवून त्यानं ती वस्तू अंगणात उभी केली. कांड्यांसाठी बाभळीचा भुसा घेऊन तो पशुखाद्य बनवणाऱ्या एका ओळखीच्याकडं गेला आणि त्याच्याच मशीनमधून त्या पाडून आणल्या. पहिली कोंबडी चार तासांनी बाहेर निघाली तेव्हा मांस हाडावरून आपोआप सुटत होतं. मी बोटं चाटत होतो. "ष्टोरकीपर, बोटं तेवढी ठिव," बबन म्हणाला, "उद्या पावत्या कशानं फाडशील?"

हायवेवरच्या एका ढाबेवाल्याच्या कानावर हे गेलं. चव आवडली तर तो असे चार ड्रम करून घेणार होता. बबननं मनात नोकरी सोडलीच होती. घरापुढं वर्कशॉप काढायचं म्हणून पत्र्याची पाटीही रंगवून आणली. पौषातली सकाळ होती, भीमेकडून धुकं येत होतं, हात बाहेर काढवत नव्हता. बबन चव घ्यायला येणाऱ्या ढाबेवाल्याला आणायला फाट्यावर गेला आणि मला म्हणाला, "कांड्या संपत आल्या की गोठ्यातलं पोतं वत." मी ओतलं. सर्दीनं माझं नाक पार बंद होतं. धूर पिवळट झालेला दिसला, पण मला वाटलं धुक्यामुळं तसा दिसतोय.

ढाबेवाल्यानं एक घास घेतला आणि ताट बाजूला सारलं. "बबनराव, कोंबडी गोठ्यात भाजली का वो?" बबननं स्वतः चाखलं. मग म्हणाला, "थंडी लय हाय. ड्रम तापलाच न्हाई." पाहुणा गेला. थोड्या वेळानं बबनची बायको, सुमनवहिनी गोठ्यातून ओरडल्या, "अवो, म्हैस खाद्याला तोंड लावंना, आजारी हाय का काय!" मी गव्हाणीतली एक कांडी चुरडली, तर हाताला बाभळीचा भुसा लागला. गोठ्यातली दोन्ही पोती सारखी, कांड्याही सारख्याच... मी ड्रममध्ये म्हशीची पेंड जाळली होती आणि वहिनींनी उरलेल्या पोत्यातली बाभूळ म्हशीपुढं वाढली होती.

"ओल लागली असंल," असं म्हणून मी गव्हाण रिकामी केली. संध्याकाळी सांगू, उद्या सांगू, असं म्हणत राहिलो. बबननं कंपनी सोडली नाही. पाटी त्यानं खुराड्याला दार म्हणून लावली.

तो माणूस मात्र कुढत बसला नाही. उन्हाळा लागला की ड्रम पेटवायचा, हा त्याचा नियम झाला. भर वैशाखात लिंबाखाली आम्ही घाम पुसत जेवायचो, हसायचो; माझ्या आयुष्यातली ती फार सुखाची दुपार असायची. दरवर्षी तो एकदा तरी म्हणायचाच, "थंडीत काय मजा आली असती रं! पर ह्याला थंडी मानवत न्हाई." आणि दरवर्षी मी मान हलवायचो.

परवा भेटायला गेलो तर सुधीर ड्रम भंगारात द्यायला निघालेला. "थंडीत चालत नाही, काका. पप्पाच सांगायचे." मी खाली बसलो आणि त्याला आणि वहिनींना सगळं सांगितलं. वहिनी उठून आत गेल्या. मला वाटलं, आता उठावं. तर त्या कोंबडीला मसाला चोळून घेऊन आल्या. "पेटवा," म्हणाल्या.

अंगावर शाल घेऊन आम्ही तिघं ड्रमभोवती बसलो. थंडीमुळं अर्धा तास जास्त लागला आणि कांड्या थोड्या जास्त लागल्या, एवढंच. धूर निळसर, पातळ. मांस हाडावरून सुटून आलं. वहिनींनी एक घास खाल्ला, सावकाश चावला.

"भावजी, ह्ये त्यांना सांगाया पायजे व्हतं."

"व्हय वहिनी."

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. सुधीरनं ड्रमचं झाकण पुसून बंद केलं आणि शेजारच्या घरात हाक मारून विचारलं, उद्या कोण कोण जेवायला येतंय.