प्लास्टरवरचं काकण

"साहेब, चार दिन काढी टाका. लगीन व्हयनं का परत बांधी द्या."

आत्माराममामा टेबलासमोर उभे होते. त्यांचा भाचा हिरामण शेजारच्या खुर्चीत, उजवा हात मांडीवर घेऊन बसला होता. कोपराखालून अंगठ्यापर्यंत प्लास्टर. दोघंही सुरतेत, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कामाला होते, मामा मुकादम आणि भाचा रंगखात्यात. नव्वदच्या दशकात माझा हाडांचा दवाखाना त्याच भागात होता. मी मूळचा धुळ्याचा. त्यामुळे खान्देशी पेशंट हक्कानं यायचे आणि हक्कानंच भांडायचे.

हिरामण मिलमधल्या ओल्या फरशीवर घसरला होता. पडताना माणूस हात टेकतो आणि सगळा भार मनगटावर येतो. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही, म्हणून कुणीतरी लचक समजून मलम दिलं. माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला अंगठा ताणून वर करायला लावला. तसं केलं की अंगठ्याच्या मुळाशी एक खळगा पडतो. पूर्वी लोक त्यात चिमूटभर तपकीर ठेवून ओढायचे. तिथं बोट दाबलं आणि गडी खुर्चीतून उठलाच. त्या खळग्याच्या तळाशी काजूएवढं एक हाड असतं, स्कॅफॉइड. त्याला गेलेली चीर सुरुवातीला एक्स-रेत बरेचदा दिसत नाही. मी संशयावरूनच प्लास्टर घातलं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढला. चीर बरोबर मधोमध होती. मग नवं प्लास्टर घातलं आणि आणखी दोन महिने सांगितले.

त्या दोन महिन्यांच्या आतच, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, हिरामणचं गावाकडे लग्न होतं.

मामांचं म्हणणं साधं होतं. नवरदेवाच्या हाताला हळद लागली पाहिजे आणि मनगटाला काकण बांधलं पाहिजे. काकण म्हणजे हळकुंड बांधलेला दोरा. चुन्याच्या नळीला काकण बांधलं तर चार माणसांत हसं होईल.

"मामा, हे सायकलचं पंक्चर नाही," मी म्हणालो. मग त्यांना कळेल असं सांगितलं. या हाडाला रक्त एकाच टोकाकडून येतं, पाटाचं पाणी यावं तसं. मध्ये चीर पडली की पलीकडचा अर्धा भाग पाटाच्या शेवटच्या शेतासारखा कोरडा पडतो. हात हलला नाही तर पाणी हळूहळू पोचतं. हलला तर तो तुकडा मरतो. मग कंबरेचं हाड काढून इथं भरा, स्क्रू घाला, आणि तरीही पकड पहिल्यासारखी येईल याची खात्री नाही. ओल्या कापडाचे ताके उचलणाऱ्या माणसाला उजव्या हाताशिवाय मिलमध्ये कोण ठेवणार?

मामांनी सगळं ऐकलं, मान डोलावली आणि जाताना म्हणाले, "बरं, पाहू." या 'पाहू'चा अर्थ मला चांगला ठाऊक होता. प्लास्टर काढायला डॉक्टर लागतो थोडाच. बादलीभर पाणी आणि एक विळा पुरतो. हिरामण गावी गेला आणि मी मनातल्या मनात त्याच्या हाताला हात जोडले.

लग्नानंतर तो आला तेव्हा मी आधी हाताकडे पाहिलं. प्लास्टर शाबूत होतं. पिवळंधमक झालं होतं, आणि त्यावर काकण बांधलेलं होतं.

मांडवात काय झालं ते त्यानंच सांगितलं. मामांनी खरोखरच कोमट पाणी आणि विळा मागवला होता. नवरीची फुई, म्हणजे आत्या, तिथं हळद कालवत बसली होती. तिनं विचारलं, डॉक्टर काय म्हणाला? हिरामणनं पाटाच्या पाण्याची गोष्ट सांगितली. फुईच्या नवऱ्याचा हात एकदा मोडला तो कायमचा वाकडाच राहिला होता, आणि पुढं घरचा गाडा तिनं एकटीनं ओढला होता. तिनं विळा उचलून स्वतःच्या मांडीखाली ठेवला.

"हयद वरथीन लावा," ती म्हणाली. "हात जुडू द्या. काकण मंग सोडसूत."

ही लहान गोष्ट नव्हती. लग्नानंतर नवरी दोन्ही हातांनी नवऱ्याचं काकण सोडते आणि नवऱ्यानं मात्र तिचं एकाच हातानं सोडायचं असतं. अंगठा प्लास्टरमध्ये असताना ते जमणार कसं? आणि काकणं सुटल्याशिवाय लग्न पुरतं झालं असं आमच्याकडे कुणी मानत नाही. म्हणजे इतके दिवस नेमकं काय, ते मी विचारलं नाही. हिरामणच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, तेवढं उत्तर पुरे होतं. मामांनी मात्र मुकाट्यानं मिलच्या मास्तरला, म्हणजे खातेप्रमुखाला सांगून त्याला कोरड्या खात्यात, एका हाताच्या कामावर लावलं.

प्लास्टर काढायच्या दिवशी तो बायकोला घेऊन आला. सुरेखानं आधी दोन्ही हातांनी त्याचं काकण सोडलं. मी प्लास्टर कापलं आणि खळग्यात बोट दाबलं. तो हलला नाही. एक्स-रे काढला. चीर भरली होती. हाड जिवंत होतं.

"आता सोडू का?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, अंगठा आखडलेला आहे, जपून. सुरेखानं हात पुढं केला. गाठ फुईनं स्वतः मारलेली, घामानं आणि हळदीनं घट्ट बसलेली. त्याचा अंगठा नीट वळत नव्हता, दोरा सारखा निसटत होता. रांगेतले पेशंट उठून दारात आले. एक गुजराती काका म्हणाले, "धीमे धीमे, भाई." माझ्या कपाळावर ऑपरेशनला येतो तसा घाम आला. शेवटी गाठ सैल झाली, हळकुंड टेबलावर पडलं, आणि सुरेखा पदर तोंडाला लावून रडू लागली. माझेही डोळे भरून आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

फुईला मी कधी भेटलो नाही. हिरामणबरोबर तिच्यासाठी एक लुगडं पाठवलं. प्लास्टर मी घातलं, पण तो हात तिनं वाचवला. तिचे उपकार मी अजून मानतो.

तेव्हापासून मनगटाच्या पेशंटला मी एक प्रश्न जास्त विचारतो. घरात शब्द कुणाचा चालतो? त्या माणसाला बोलावून समोर बसवतो, पाटाच्या पाण्याची गोष्ट सांगतो, आणि मगच प्लास्टर भिजवतो.