पहिल्या लिपीतले बडेबाबू

अख्ख्या नागपुरात कुत्र्याला 'अहो' म्हणणारा एकच माणूस होऊन गेला आणि तो आमच्या भिंतीपलीकडे राहायचा, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. ज्या गावात ओळख झाल्यावर दुसऱ्या चहाला माणूस 'काय गा' वर येतो, त्या गावात हे गृहस्थ उंबऱ्याशी आलेल्या खरजुल्या कुत्र्याला विचारायचे, "आपण काहून भुंकून राहिले? सकाळपासून काही खाल्लं का नाही?" कुत्रं बावचळून गप्प व्हायचं. दूधवाल्याला ते पूर्ण नावानं आणि वर 'राव' लावून हाक मारत. पहिल्या दिवशी त्यानं मागे वळून पाहिलं, की आपल्यामागे कोण पाहुणे आले. मग त्यांच्या दुधातलं पाणी कमी झालं. तेवढं तो आमच्याकडे भरून काढायचा. आमच्या बंड्याला ते 'अविनाशराव' म्हणत, त्यामुळे घरात बंड्या म्हटलं की पोरगं ओ देईना. "अविनाशराव, आंघोळीला चला," असं मला, म्हणजे त्याच्या सख्ख्या बापाला, म्हणावं लागायचं. त्यावर बायको आतून म्हणायची, "मले तर इतक्या मानानं कधी जेवायलेही बोलावलं नाही तुम्ही."

ऑफिसातही माझी त्यांच्यापासून सुटका नव्हती. संत्रा बागाईतदारांच्या एका संस्थेत मी कारकून होतो आणि ते बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क. सारं ऑफिस त्यांना बडेबाबूच म्हणायचं आणि ते मात्र चपराशालाही 'मारोतरावजी, थोडी तसदी देऊ का?' असं विचारायचे. मारोतरावजी तसदी घेईपर्यंत बडेबाबू स्वतःच पाणी पिऊन आलेले असायचे. त्यांची आणखी एक खोड टाइपरायटरवरची. आमची पिढी शाळेत इंग्रजीच्या दोन लिप्या शिकली. मोठी अक्षरं ती पहिली लिपी, छोटी ती दुसरी. बडेबाबूंचा नियम असा, की मजकूर कोणत्याही लिपीत असो, माणसाचं नाव पहिल्या लिपीतच पाहिजे. एका पत्रात काटोलच्या एका बागाईतदाराचं नाव मी दुसऱ्या लिपीत ठोकलं, तर त्यांनी कागद परत केला. "हे शेतकरी आहेत की संत्र्याची फोड? इतके लहान काहून केले?"

अशा माणसासमोर एक दिवस कॉम्प्युटर येऊन बसला. त्याच्यासाठी थंड हवेची खोली झाली, नारळ फुटला, चपला बाहेर काढायचा हुकूम निघाला. मशीनचं शिक्षण घ्यायला माझी निवड झाली, कारण नाही म्हणायला बाकीचे माझ्यापेक्षा चपळ होते. शिकून आलो तेव्हा मला दोन विद्या येत होत्या, मशीन बंद करणं आणि चालू करणं. त्या बळावर मी ऑफिसातला तज्ज्ञ झालो.

मशीन उघडायला प्रत्येकाला आपलं ठरलेलं नाव टाकावं लागे. ती नावं बसवणारा इंजिनियर बाहेरगावचा होता. ऑफिसात चार वानखेडे, तीन ठाकरे, आडनावावरून माणूस वेगळा होईना. मग त्यानं सगळ्यांची मधली नावं उचलली, आणि सारं ऑफिस बापाच्या नावानं मशीनमध्ये जाऊन बसलं. ज्यांचं मी जन्मभर ऐकलं नाही, त्या माझ्या तीर्थरूपांचं नाव घेतल्याशिवाय माझं काम सुरू होईना.

साहेबांनी फर्मान काढलं, सोमवारी संचालक मंडळ मशीन पाहायला येणार. त्यांच्यासमोर ज्याला मशीन उघडता येणार नाही, त्यानं काटोलच्या गोदामात पेट्या मोजायला जावं, मग तो कोणी का असेना. बडेबाबूंची निवृत्ती जवळ आलेली. खुर्ची गेली असती तर 'बडेबाबू' ही हाकही गेली असती.

आणि मशीन नेमकं त्यांनाच ओळखेना. ते नाव टाकत, मशीन म्हणे, असा इसम येथे नाही. "मी यांच्या पुढ्यात बसलो आहे," बडेबाबू म्हणाले, "आणि हे म्हणून राहिले मी नाही!" मी माझ्या दोन्ही विद्या वापरल्या. मग कळफलक बदलला, तार बदलली, शेवटी त्यांची खुर्चीही बदलली. त्यांच्या जागी मी बसून तेच नाव टाकलं की मशीन बिनतक्रार उघडे. तेव्हा मशीनला माझा हात ओळखीचा झाला आहे, असं शास्त्रीय मत मी साहेबांना दिलं. साहेबांनी मान डोलावली, ही त्याहून कमाल.

घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, "अहो, मशीनकडे काय पाहून राहिले? त्यांच्या बोटांकडे पाहा ना."

शनिवारी पाहिलं. बडेबाबूंनी आधी मोठ्या अक्षरांची कळ दाबली आणि मग, देवाला एकेक फूल वाहावं तसं, एकेक अक्षर टाकलं. इंजिनियरनं नावं बसवली होती छोट्या अक्षरांत. मशीनच्या लेखी ही दोन वेगळी माणसं होती!

"बडेबाबू, सापडलं!" मी ओरडलो. "दुसऱ्या लिपीत टाका, आत्ता उघडते."

त्यांनी हात मांडीवर घेतले. "ते नाही व्हायचं."

"अहो, एका नावासाठी काटोलला जाता का?"

"जाईन." मग पडद्याकडेच पाहत बोलू लागले. "सुखदेव नाव होतं माझ्या बापाचं. भिवापूरकडं मिरच्या तोडायचा. उभ्या गावानं त्याले सुक्या म्हटलं. कालचं पोट्टंही म्हणे, ए सुक्या. छप्पन साली आम्ही बापलेक इथं आलो, दीक्षा घेतली. परत जाताना मोटारीत कंडक्टरनं विचारलं, कुठं जाता गा? तर माझा बाप ताठ बसून म्हणतो, सुखदेव! कंडक्टर म्हणे, ह्या नावाचा इष्टाप नाही गा." ते हसले. मीही हसलो, पण मला ते नीट जमलं नाही. "त्याचं नाव मी लहान करू? मीच?"

मी बाहेर जाऊन इंजिनियरला ट्रंककॉल लावला. तो वैतागून म्हणाला, "अरे भाई, मशीन को छोटा-बड़ा कुछ नहीं समझता. उसको सिर्फ़ इतना चाहिए, जैसा पहले बताया, वैसाच हर बार बताओ. बड़े अक्षर में डाल दो!" नवं नाव कसं बसवायचं तेही त्यानं सांगितलं. परत येऊन मी ते टाकलं, आणि तज्ज्ञ म्हणून माझ्या हातून पहिल्यांदा काहीतरी घडलं.

सोमवारी थंड खोलीत सगळे संचालक अनवाणी दाटीवाटीनं उभे होते. बडेबाबूंनी अक्षरं वाहिली. मशीननं क्षणभर विचार केला आणि हिरव्या, ठळक अक्षरांत त्या नावाचं स्वागत केलं. अध्यक्षांचा आवाज मंडईतला. त्यांनी चष्मा वर करून मोठ्यानं वाचलं, "सुखदेव! कोण हे सुखदेवजी?"

बडेबाबू खुर्चीतून उठून उभे राहिले. "माझे वडील," ते म्हणाले.

"वा, वा," म्हणत अध्यक्ष पुढच्या टेबलाकडे वळले. बडेबाबू मात्र बराच वेळ तसेच उभे होते. बसा म्हणायचं धाडस मला झालं नाही.

त्याच खुर्चीतून ते निवृत्त झाले आणि मुलाकडे राहायला गेले. पुढच्या पावसाळ्यात तिकडेच वारले. गेलेल्या माणसांची नावं मशीनमधून काढून टाकायची, असा आमच्याकडे नियम आहे आणि ते काम माझ्याकडे आहे. इंजिनियर दर फेरीला विचारतो, "वो बड़े अक्षरवाला नाम हटाया क्या?"

मी सांगतो, "काढून राहिलो ना भाऊ, काढून राहिलो."