ताईच्या बोटांचा स्विच

माझ्या भाच्याला एकदा डोळ्यांवर पट्टी बांधून खुर्चीत बसवायला हवं आणि सांगायला हवं, "काही हवं असलं की हाक मार हं, आम्ही आहोतच." मग दोन तास कुणी तिकडे फिरकायचं नाही. हे मी त्याच्या तोंडावर बोललोय. त्याला राग आला. येऊ दे.

त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण. ताई. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकांनी भरलेली भिंत आणि दोन्ही हातांत वायरी. मी डबा द्यायला जायचो तेव्हा बघत उभा राहायचो. बाई माझ्याशी बोलतेय, तिकडे कुणाला तरी "थांबा, जोडून देते" म्हणतेय, आणि हात न बघता वायर बरोब्बर त्याच भोकात घालतोय. एकदा तिचा साहेब मागे येऊन खेकसायला लागला. ताईने मान वळवली नाही. "साहेब, लाइनवर माणूस आहे," एवढंच म्हणाली. साहेब मुकाट्याने गेला.

घरीही तीच तऱ्हा. लहानपणी मी घरातला एकुलता एक रेडिओ उघडून ठेवला, तेव्हा आईने मला बदडून काढलं. ताईने फक्त विचारलं, "आता परत जोडता येईल का?" नाही आला जोडता. त्या रागापायी मी पुढे रेडिओ मेकॅनिक झालो. घरात माझं नाव पडलंय भडक्या. माझा राग तेवढा एकदा कामी आला, एरवी नुसताच जळतो.

तीन वर्षांपूर्वी काचबिंदूने ताईचे डोळे गेले. दोन्ही. रडली नाही. "ऐकू येतंय ना? मग झालं," म्हणाली. तिचं सगळं जग आता ऐकण्यावर आलं. रेडिओ, जुन्या कॅसेट, तबकड्या आणि पुस्तकं वाचून दाखवणारं एक यंत्र. मग आमच्या भाच्याने, जो फार चांगला मुलगा आहे असं सगळी बिल्डिंग म्हणते, त्याने आईसाठी एक झकास नवा संच आणला. या चारही गोष्टी त्याला जोडायच्या आणि हवी ती निवडायची. कशी निवडायची? पुढच्या गुळगुळीत काचेवर बोट टेकवून. आंधळ्या बाईला काच! म्हणजे डोळे गेलेल्या माणसाने आधी बघायचं, मग ऐकायचं.

एका दुपारी मी गेलो तर ताई मांडीवर हात ठेवून बसलेली, आणि संच रिकामाच खरखरतोय. स्टेशन कधीच गेलेलं. कान किटत होते.

"बंद का करत नाहीस?"

"कुठे दाबायचं सापडत नाही रे. तो येईल इतक्यात."

"कधीपासून चाललंय हे?"

"सकाळपासून," ती म्हणाली. हळू आवाजात म्हणाली. साहेबाला गप्प बसवणारी बाई, स्वतःच्या घरात, खरखर ऐकत, अपराध्यासारखी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी प्लगच उपटला.

"मी करतो तुला पेटी," म्हटलं. "चार गोष्टी मागून जोडायच्या, पुढे एकच फिरवायचा स्विच. तू फिरवशील ते लागेल. कुणाच्या बापाला हाक मारायची नाही."

"तुलासुद्धा?"

"मलासुद्धा."

ताई हसली. कितीतरी दिवसांनी.

असली पेटी, म्हणजे प्रीअँप, बनवणं माझ्या हाताचा मळ. सर्किट आठवड्यात तयार झालं. अडलं ते स्विचवर. सुट्या भागांच्या दुकानात गेलो. तिथला म्हातारा दुकानदार म्हणजे एक नंबरचा खवचट. "आता कोण फिरवतंय हो? सगळं रिमोटवर आलं," तो म्हणाला. मी त्याच्या रिमोटचा उद्धार केला. तेव्हा त्याने खोक्यातून एक जुना स्विच काढून टेबलावर आपटला. फिरवला. खाट्! पुन्हा खाट्!

"हा स्विच आहे की दाराची कडी?" मी म्हटलं. "मला गाणी ऐकायचीत, चोर पकडायचे नाहीत."

मग मी निवडत बसलो. एक स्विच आधीची जोडणी सोडायच्या आत पुढची पकडायचा, म्हणजे मध्ये क्षणभर दोन्ही आवाज एकमेकांत. नको. एकाचे आतले जोडणीचे पत्रे, म्हणजे संपर्क, काळवंडलेले. नको. शेवटी सापडला तो राजा होता. चांदीचे संपर्क, लोण्यासारखा फिरायचा, स्पीकरमध्ये टिचकीसुद्धा नाही. बारा जागांचा, गोल गोल कितीही फिरवा. मी घरी आणून त्यातल्या चार जागांवर चार गोष्टी जोडल्या. नॉबवर बारीक खाच पाडली आणि कुठे वळलाय ते कळावं म्हणून त्या खाचेत पांढरा रंग भरला. ब्रशचा एक केस घेऊन, श्वास रोखून.

पेटी ताईपुढे ठेवली. "फिरव."

तिने फिरवला. पुस्तक लागलं. पुन्हा फिरवला. काहीच नाही. पुन्हा. रेडिओ. मग काही नाही, काही नाही, काही नाही.

"मी कुठे आहे आत्ता?"

"अगं, सोपं आहे. उजवीकडे दोन घरं."

"घर कुठे संपतं तेच लागत नाही हाताला. सुरुवात कुठे आहे याची?"

"सुरुवात नसते याला! गोल आहे तो! एवढं कसं कळत नाही तुला?" मी ओरडलो. ताईवर. सगळ्या जगाला शिव्या घालून झाल्या आणि शेवटी ओरडलो कुणावर, तर जिच्यासाठी एवढा खटाटोप केला तिच्यावर. वर म्हणालो, "पांढरा ठिपका वर आला की रेडिओ..."

आणि थांबलो.

ताईने नॉबवरून अंगठा फिरवला, रंगाने बुजलेली खाच चाचपली. "रंगवलायस का?" तिने विचारलं. "छान केलं असशील."

भाच्याने काच आणली होती. मी रंग लावला होता. चाळीस वर्षं रेडिओत डोकं घालून बसलेला मी शहाणा, स्पीकरला कान लावून स्विच निवडला, ठिपका डोळ्यांसाठी लावला. जिला फिरवायचा होता तिच्या हातात आधी एकदाही दिला नाही. मला माझीच इतकी चीड आली की मी तो नॉब खिडकीतून भिरकावणार होतो. ताईने मनगट धरलं.

"फेकू नकोस. मला घेऊन चल दुकानात."

दुसऱ्या दिवशी मी नाक मुठीत धरून त्याच दुकानात उभा. "काय, कडी हवी का?" म्हाताऱ्याने विचारलं. मी ताईला पुढे केलं. ताईच म्हणाली, "जेवढे असतील तेवढे ओता इथे."

त्याने ट्रे ओतला. ताईने एकेक उचलला, फिरवला, बाजूला ठेवला. "हा लुळा आहे. हा दोनदा खटकतो आणि एकदा नुसताच सरकतो, लबाड. हा माझ्या नणंदेसारखा, एकदा अडला की हलायचा नाही." म्हातारा हसायचा थांबला आणि खोकी काढायला लागला. असे हात त्याने पाहिले नव्हते. मी पाहिले होते, लहानपणी, डबा हातात धरून. आणि विसरलो होतो.

शेवटी तिच्या हाताला कडी लागली. खाट्. तिचा चेहरा बदलला.

"हा. बोटाला कळतंय. फक्त याला भिंत हवी. पार डावीकडे गेलं की अडायला हवं, तिथून मोजेन मी."

म्हाताऱ्याने लगेच एक दात असलेली चकती काढली. ती आत बसवली की स्विच चार जागांपलीकडे जातच नाही. असल्या चकत्या माझ्या घरी डबाभर पडल्यात. मी त्या नेहमी काढून टाकतो.

संध्याकाळी पेटी पुन्हा ताईपुढे ठेवली. तिने नॉब डावीकडे टोकापर्यंत नेला. रेडिओ. एक खाट्, कॅसेट. दुसरं खाट्, तबकडी. तिसरं, पुस्तक. चौथ्याला भिंत. मग परत डावीकडे. असं तिने किती वेळा केलं असेल!

तेवढ्यात दार वाजलं. भाचा. बूट काढता काढता तिथूनच नेहमीसारखा ओरडला, "आई, काय लावू?" आणि आत येऊन सवयीने काचेच्या संचाकडे हात नेला. संच मी दुपारीच माळ्यावर टाकला होता. तो रिकाम्या टेबलाकडे बघत उभा राहिला.

ताईने त्याच्याकडे मान वळवली नाही. नॉब डावीकडे टोकाला नेला, दोन खटके मोजले. तबकडी वाजायला लागली.

"बस तिथे खुर्चीत," ती म्हणाली. "काही हवं असलं की हाक मार हं. मी आहेच."