आप्पांनी घातलेला खोपा

सुरतेत उधन्याच्या आमच्या चाळीतले आप्पा बोलायला लागले की पार शहराबाहेर कामरेजपर्यंत ऐकू जायचं, असं मी म्हटलं तर ते खोटं ठरेल, पण फार खोटं नाही. उभा जन्म पॉवरलूमच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे मीठसुद्धा ते भांडल्यासारखं मागायचे. लग्न होऊन मी धुळ्याकडून सुरतेला आले, तेव्हा मला वाटलं, समोरच्या खोलीत रोज मारामारीच होते. वास्तविक ते बायकोला, माईंना, "चहा घेतेस का?" एवढंच विचारत असत.

माईंच्या खोप्याची चाळीत ख्याती होती. भरदार, मानेवर रुळणारा, एक बट इकडची तिकडे नाही. आणि त्याच माईंना लकवा झाला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली, केसांचा गुंता झाला. आप्पांची बहीण भेटायला आली आणि म्हणाली, "कापून टाका वहिनी, सोपं पडेल." माईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आप्पा गरजले, "कात्री घराबाहेर! खोपा मी घालीन!" सगळे हसले. माईसुद्धा, अर्ध्या ओठांनी.

आप्पांनी बाजारातून इतक्या पिना आणि आकडे आणले, की दुकानदाराने विचारलं, "काका, दुकान खोलवाना छो?" मग एक माठ पालथा घालून त्याला कारखान्यातलं वाया गेलेलं काळं सूत बांधलं आणि शिकवणी सुरू झाली. मी माझ्या दारात बसून खोपा घालायची, सोडायची. समोर बसून आप्पा माठाला घालायचे. आकडा ते छिन्नीसारखा ठोकत. "आधी वरच्या केसांत अडकवा, मग उलटवून आत खोचा," मी सांगायची. पिना दातांत धरलेल्या असल्यामुळे त्यांना बोलता येत नसे, आणि तेवढा वेळ चाळीला शांतता लाभे. एकदा माठ खिडकीत राहिला. भाजीवालीने खालून त्या खोप्याला दोनदा वांगी विचारली, आणि "बहु अभिमानी!" म्हणत निघून गेली.

माईंच्या डोक्याला हात लावताना मात्र हाच माणूस घाबरायचा. एकेका पिनेला अहिराणीत विचारायचा, "दुखस का?"

आजारपणानंतर माई घराबाहेर पडल्या नव्हत्या. कामरेजला भाचीची हळद होती. त्या सकाळी आप्पांनी तीनदा खोपा मोडला, चौथ्यांदा जमला. रिक्षात तो मागे टेकून दबू नये म्हणून सबंध रस्ताभर त्यांनी माईंच्या मानेमागे तळहात धरला होता. मांडवात बायका भोवती जमल्या. "माई, कोणी घातला हो?" माईंनी डावा हात उचलून आप्पांकडे बोट दाखवलं. आप्पा लाजून पाण्याचं पिंप शोधायला गेले, ते पंगत बसेपर्यंत आलेच नाहीत.

पुढे रोजचंच झालं. सकाळी दारात माई पुढे, आप्पा मागे. आम्ही सुरत सोडणार होतो, त्या दिवशी मी निरोप घ्यायला गेले तेव्हा खोपा होत आला होता. आप्पांनी शेवटची पीन उचलली, तर माईंनी डावा हात मागे नेऊन ती मागितली. चाचपडत त्यांनी ती स्वतः खोचली.

पीन पार तिरकी लागली होती. आप्पांची बोटं सवयीने तिच्याकडे गेली आणि वाटेतच थांबली. मग ते फणीत अडकलेले केस काढत बसले.

"बरी लागली?" माईंनी अडखळत विचारलं.

"सरळ आहे," आप्पा म्हणाले.